दुखणे अंगावर काढणारी ती, अवचित जाणारा तो

स्त्री आणि पुरुष यांच्या आजारांत व मृत्यूच्या कारणांत फरक का पडतो? परभणी जिल्ह्याच्या संदर्भात घेतलेला आढावा

परभणी - मराठवाड्यातील एखाद्या गावात वयोवृद्धांची मोजदाद केली, तर बहुधा आजोबांपेक्षा आज्ज्या अधिक भरतात. या आज्ज्यांची विचारपूस करावी, तर कोणाचे गुडघे गेलेले, कोणाची कंबर धरलेली, कोणाला दम लागतो, तर कोणाला बाळंतपणापासून जडलेले दुखणे चाळीस वर्षांनंतरही सोडत नाही. निधन पावलेल्या आजोबांविषयी विचारावे, तर ‘तसे काहीच झाले नव्हते, बसल्या जागी गेले’ असे उत्तर अनेक घरांतून मिळते.

स्त्रीचे आयुष्य लांब, पण दुखण्याने भरलेले. पुरुषाचे आखूड आणि पुष्कळदा अचानक संपणारे, असे हे चित्र आहे. जगातील बहुतेक देशांत ते दिसते आणि आरोग्यशास्त्रात त्यावर अनेक वर्षे विचार सुरू आहे. परभणीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात मात्र त्याला बालविवाह, कर्जबाजारी शेती, ऊसतोडीसाठीचे स्थलांतर आणि व्यसने यांची जोड मिळते. या फरकात निसर्गाचा वाटा किती आणि माणसांनी निर्माण केलेला किती, हे पाहिल्याशिवाय त्यावरील उपाय उमगत नाहीत.

आयुर्मानाचे उलटलेले पारडे

स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक जगतात, ही गोष्ट भारतात पूर्वापार चालत आलेली नाही. नमुना नोंदणी पद्धतीच्या आकडेवारीनुसार १९७०-७५ या काळात देशातील पुरुषांचे सरासरी आयुर्मान ५०.५ वर्षे, तर स्त्रियांचे ४९ वर्षे होते. म्हणजे त्या काळी स्त्रियाच लवकर मरत होत्या. वारंवारची बाळंतपणे, त्यांतील रक्तस्राव व जंतुसंसर्ग, मुलींच्या आजाराकडे होणारे दुर्लक्ष ही त्यामागील प्रमुख कारणे होती. १९८१-८५ मध्ये पारडे जेमतेम फिरले. पुरुषांचे आयुर्मान ५५.४, तर स्त्रियांचे ५५.७ वर्षे झाले. २०१६-२० मध्ये पुरुषांचे आयुर्मान ६८.६, तर स्त्रियांचे ७१.४ वर्षांवर पोहोचले.

जगाच्या सरासरीत स्त्रिया पुरुषांपेक्षा सुमारे पाच वर्षे अधिक जगतात. भारतात हे अंतर २.८ वर्षांचेच आहे. भारतीय पुरुष फार दीर्घायुषी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. स्त्रीला निसर्गाने दिलेल्या आघाडीतील काही भाग घरात आणि समाजात खर्ची पडतो, असा त्याचा अर्थ आहे.

निसर्गाचा वाटा

स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात, तर पुरुषात एक एक्स आणि एक वाय. रोगप्रतिकाराशी संबंधित अनेक जनुके एक्स गुणसूत्रावर आहेत. त्यांतील एका प्रतीत दोष असला तरी स्त्रीजवळ दुसरी प्रत शिल्लक राहते. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मुलांपेक्षा मुली अधिक चिवट ठरतात, त्यामागे हे एक कारण मानले जाते. पाळी सुरू असेपर्यंत इस्ट्रोजेन हे संप्रेरक रक्तवाहिन्यांचे बऱ्याच अंशी रक्षण करते. याच तीव्र प्रतिकारशक्तीची दुसरी बाजू म्हणजे शरीर स्वतःवरच उलटते असे आजार, उदाहरणार्थ संधिवाताचे काही प्रकार, थायरॉइडचे विकार आणि ल्युपस, स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतात. पाळी गेल्यानंतर हाडे ठिसूळ होण्याचे प्रमाणही स्त्रियांतच जास्त असते.

निसर्गाचा हा वाटा मोजण्याचा एक वेगळा प्रयत्न जर्मनीत झाला. तेथील बव्हेरिया प्रांतातील मठांत राहणाऱ्या ११ हजार ६२४ जोगिणी व संन्याशांच्या १८९० ते १९९५ या काळातील नोंदी लोकसंख्याशास्त्रज्ञ मार्क लुय यांनी तपासल्या. मठात दोघांचा आहार, दिनक्रम आणि राहणी जवळपास सारखी असते. तेथे स्त्रियांचे आयुष्य पुरुषांपेक्षा सुमारे एका वर्षानेच अधिक भरले. बाहेरच्या समाजात मात्र हे अंतर कितीतरी मोठे होते. याचा अर्थ असा, की अंतराचा मोठा भाग राहणीतून, कामातून आणि सवयींतून येतो.

जन्माआधीच सुरू होणारा फरक

१ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यानंतर परभणी, गंगाखेड, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, पालम आणि पूर्णा हे नऊ तालुके परभणी जिल्ह्यात आहेत. २०२१ मध्ये जनगणना होऊ शकली नाही. त्यामुळे तुलनेसाठी २०११ च्या जनगणनेचाच आधार घ्यावा लागतो. त्या वेळी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार ८६ होती आणि दर हजार पुरुषांमागे ९४७ स्त्रिया होत्या. शून्य ते सहा वर्षे वयोगटात मात्र दर हजार मुलांमागे ८८४ मुली होत्या. २००१ मध्ये हीच संख्या ९२३ होती. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ मध्ये ती ८०७ पर्यंत घसरली होती, तर राज्याची सरासरी ८९४ होती.

निसर्गतः दर हजार मुलांमागे साधारण ९५० मुली जन्माला येतात. त्यापुढची तूट ही निसर्गाची नसते. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १९९६ पासून अमलात आला. तरीही सोनोग्राफी यंत्रे तालुक्यांच्या गावी पोहोचली, त्याच दशकांत मुलींची संख्या घटली. मृत्यूच्या कोणत्याही नोंदवहीत न येणारी ही हानी आहे. कारण ज्यांचा जन्मच होऊ दिला गेला नाही, त्यांच्या मृत्यूची नोंद होत नाही.

लवकर लग्न, कमी रक्त, अवघड बाळंतपण

२०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात परभणी जिल्ह्याविषयी एक आकडा पुढे आला आणि तो राज्यात सर्वाधिक ठरला. जिल्ह्यातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांचे लग्न वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच झालेले होते. राज्याची सरासरी २१.९ टक्के, तर देशाची २३.३ टक्के होती.

हा प्रश्न केवळ कायद्याचा नाही, तो आरोग्याचाही आहे. सतरा वर्षांच्या मुलीच्या कटिभागाची वाढ पुष्कळदा अपुरी असते. तिच्या स्वतःच्या शरीराला लोह, प्रथिने व कॅल्शियमची गरज असते, त्याच वेळी गर्भही ती मागू लागतो. त्यातून अडलेले बाळंतपण, रक्तदाब वाढून येणारे झटके, कमी वजनाचे मूल या धोक्यांत वाढ होते. ऊसतोडीच्या हंगामात आई-वडील कोयता घेऊन पाच-सहा महिने बाहेर जातात. वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, या चिंतेतून अनेक लग्ने उरकली जातात. शाळा सुटणे आणि लग्न ठरणे या गोष्टी हातात हात घालून येतात.

रक्तक्षयाच्या बाबतीत स्त्री-पुरुषांतील दरी सर्वांत स्पष्ट दिसते. याच सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, तर त्याच वयोगटातील पुरुषांत हे प्रमाण २१.९ टक्के होते. पाळीतून दरमहा जाणारे रक्त हे त्याचे नैसर्गिक कारण आहे. परंतु सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर उरलेसुरले खाण्याची रीत, पाठोपाठची बाळंतपणे आणि पोटातील जंत ही कारणे निसर्गाची नाहीत. हिमोग्लोबिन प्रति डेसिलिटर बारा ग्रॅमच्या खाली गेले, की स्त्रीला रक्तक्षय असल्याचे मानतात. गर्भवतीसाठी ही मर्यादा अकरा आहे. रक्तक्षय हे मृत्यूचे कारण म्हणून फारसे लिहिले जात नाही, पण बाळंतपणात एरवी सहन झाला असता असा रक्तस्रावही रक्त कमी असलेल्या स्त्रीच्या जिवावर बेतू शकतो.

याच क्षेत्रात राज्याने मिळविलेले यशही मोठे आहे. २००१-०३ मध्ये महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ मातांचा मृत्यू होत होता. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ३३ वर आले, त्या वेळी देशाचे प्रमाण ९७ होते. दवाखान्यातील बाळंतपणे, २००५ मध्ये सुरू झालेली जननी सुरक्षा योजना, घरोघरी जाणाऱ्या आशा कार्यकर्त्या, बाळंतिणींसाठीची रुग्णवाहिका यांचा त्यात वाटा आहे. दोन दशकांत एका मृत्यूकारणाला एवढे मागे रेटता येते, तर इतरांनाही रेटता येईल, हा त्यातील धडा आहे.

न सांगितलेली दुखणी

माता वाचली म्हणजे ती निरोगी झाली असे नाही. १९८९ मध्ये डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून काढलेले निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाशी संबंधित एक किंवा अधिक आजार होते. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ आठ टक्के. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीचा त्रास या गोष्टी ‘बाईच्या जातीला असायच्याच’ म्हणून अंगावर काढल्या जात होत्या. ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण आणि कुटुंबनियोजन नव्हे, हे या अभ्यासाने जगापुढे मांडले.

अंगावर काढलेल्या दुखण्याचा शेवट कोठे होतो, हे बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये दिसले. ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याच्या तक्रारींनंतर राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२ हजार ३०९ स्त्रियांपैकी १३ हजार ८६१ स्त्रियांची ‘पिशवी’ काढलेली असल्याचे आढळले. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल आधीच घेतलेली असते आणि एक खाडा झाला तरी दंड कापला जातो. अशा स्थितीत पाळीचा त्रास ही कामातील अडचण ठरते. तिशीच्या आसपास गर्भाशय आणि अनेकदा त्याबरोबर बीजकोशही काढले, की हाडांची झीज व हृदयविकार यांपासून मिळणारे नैसर्गिक संरक्षण अकाली संपते. हेच काम करणारी कुटुंबे परभणी जिल्ह्यातूनही दरवर्षी साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयीचा जगभर गाजलेला अभ्यासही मराठवाड्यातीलच आहे. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांना या अभ्यासात सामावून घेण्यात आले. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही विषाणूची चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण, चाचणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्मे आढळले. या विषाणूवरील पहिली भारतीय बनावटीची लस पुण्यातील सिरम इन्स्टिट्यूटने तयार केली आणि २०२२ मध्ये तिला मान्यता मिळाली. स्तनाच्या खालोखाल भारतीय स्त्रियांत आढळणारा हा कर्करोग टाळता येण्यासारखा आहे.

चूल आणि आग

स्वयंपाकघर हे स्त्रीच्या आरोग्याला असलेल्या धोक्यांचे आणखी एक ठिकाण. तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या जाळणाऱ्या चुलीचा धूर वर्षानुवर्षे छातीत गेल्याने विडी न ओढणाऱ्या स्त्रियांनाही फुप्फुसांचा कायमचा दमा जडतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅस घरात आला, पण सिलिंडर संपल्यावर दुसरा भरण्याइतके पैसे हाती नसले, की चूल पुन्हा पेटते.

आगीने होणाऱ्या मृत्यूंचे चित्र त्याहून विदारक आहे. २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २००१ या एका वर्षात भारतात आगीमुळे १ लाख ६३ हजार मृत्यू झाले आणि त्यांपैकी १ लाख ६ हजार स्त्रिया होत्या. त्यांतील बहुतेक १५ ते ३४ वर्षे वयाच्या होत्या. जगात अन्यत्र अशा वयाच्या स्त्रियांचे एवढे प्रमाण सहसा दिसत नाही. ‘स्टोव्हचा भडका’ या दोन शब्दांआड अपघात, आत्महत्या आणि हुंड्यासाठी झालेला छळ हे तिन्ही दडलेले असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानुसार २०२२ मध्ये देशात ६ हजार ४५० हुंडाबळी नोंदले गेले.

पुरुष कशाने जातात?

पुरुषांच्या मृत्यूंची कारणे पाहिली, की त्यांतील मोठा भाग व्यसन, वाहन आणि धोक्याच्या कामांशी जोडलेला दिसतो. पाचव्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील ३३.८ टक्के पुरुष कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करतात. स्त्रियांत हे प्रमाण १०.९ टक्के असून त्यात मिश्रीचा मोठा वाटा आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार ३० ते ६९ वर्षे वयाच्या पुरुषांच्या मृत्यूंपैकी सुमारे २० टक्के, तर स्त्रियांच्या मृत्यूंपैकी सुमारे पाच टक्के मृत्यू विडी-सिगारेटमुळे होतात. भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. २०१२ मध्ये राज्याने गुटख्यावर बंदी घातली, पण तंबाखू आणि चुन्याची डबी खिशातून गेलेली नाही. क्षयरोगही पुरुषांत अधिक आढळतो. तंबाखू, दारू आणि दाटीवाटीच्या जागी राहून केलेली मजुरी यांची त्याला साथ मिळते.

रस्ते अपघातांत २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा बळी गेला. त्यांत दर दहांमागे आठांहून अधिक पुरुष होते. सर्पदंश हा तर शेतकऱ्याचाच आजार. २००५ च्या आकडेवारीवर आधारित अभ्यासानुसार देशात वर्षाला सुमारे ४६ हजार माणसे सर्पदंशाने दगावतात, त्यांत ५९ टक्के पुरुष असतात आणि सर्वाधिक मृत्यू जून ते सप्टेंबर या काळात होतात. रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला शिवारात जाणारा माणूस बहुधा पुरुषच असतो. मात्र खुरपणीला आणि गवत काढायला गेलेल्या स्त्रियांनाही हा धोका चुकलेला नाही.

हृदयविकार: दोघांचाही, पण वेगळा

मृत्यूच्या कारणांत आज हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार देशात सर्वांत वर आहेत. महानिबंधक कार्यालयाच्या २०२१-२३ च्या अहवालानुसार एकूण मृत्यूंपैकी सुमारे ३१ टक्के मृत्यू त्यांमुळे होतात. स्त्री-पुरुष दोघेही त्यात आले, तरी त्यांची वेळ आणि रूप वेगळे असते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५२ देशांत केलेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात पहिल्या झटक्याच्या वेळी पुरुषांचे वय साधारण ५६, तर स्त्रियांचे ६५ वर्षे आढळले. दक्षिण आशियातील लोकांना हा झटका इतरांपेक्षा काही वर्षे आधी येतो, असेही त्यात दिसले.

छातीत कळ येऊन ती डाव्या हातात उतरते, हे लक्षण बहुतेकांना ठाऊक असते. स्त्रियांनाही ते जाणवते, परंतु त्याबरोबर किंवा त्याऐवजी दम लागणे, कमालीचा थकवा, मळमळ, पाठीत किंवा जबड्यात दुखणे अशी लक्षणे त्यांच्यात अधिक दिसतात. ती ‘पित्त’ किंवा ‘अशक्तपणा’ समजून घालविली जातात. परिणामी पुरुषांना झटका लवकर येतो, तर स्त्रियांना दवाखाना उशिरा मिळतो.

आत्महत्या आणि सातबारा

२०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी १ लाख २२ हजार ७२४ पुरुष, तर ४८ हजार १७२ स्त्रिया होत्या. राज्यांत महाराष्ट्र २२ हजार ७४६ नोंदींसह पहिला होता. विभागीय आयुक्त कार्यालयाच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये मराठवाड्यातील आठ जिल्ह्यांत १ हजार ८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतील १०३ परभणी जिल्ह्यातील होत्या. कर्ज, नापिकी, मुलीच्या लग्नाचा खर्च आणि ‘कर्त्या पुरुषाने रडायचे नाही’ ही शिकवण या गाठी एकमेकींत गुंतलेल्या असतात.

येथे पुरुषांची संख्या मोठी असली, तरी स्त्रियांची संख्या कमी लेखता येत नाही. २०१६ मध्ये जगभरात आत्महत्येने झालेल्या स्त्रियांच्या मृत्यूंपैकी ३६.६ टक्के मृत्यू एकट्या भारतात झाले होते. २०२२ मधील ४८ हजारांपैकी २५ हजार ३०९ स्त्रिया ‘गृहिणी’ या रकान्यात मोडतात. त्याच वर्षी ‘शेतकरी’ या रकान्यातील ५ हजार २०७ मृतांमध्ये स्त्रिया मात्र २०८ होत्या. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी ही शेतीची कामे बहुतांशी स्त्रियाच करतात. पण सातबाऱ्यावर नाव पतीचे किंवा सासऱ्याचे. त्यामुळे शेतात राबून मेलेली स्त्री नोंदीत ‘गृहिणी’ होते. शासनाची एक लाख रुपयांची मदत मिळण्यासाठीही जमीन आणि कर्ज यांचे कागद लागतात. पतीच्या मागे राहिलेल्या विधवेवर कर्ज, मुले आणि शेत या तिन्हींचा भार पडतो आणि तिच्या स्वतःच्या आजाराची वेळ पुन्हा पुढे ढकलली जाते.

मृत्यूचे कारण लिहिले जाते का?

या सगळ्या चर्चेच्या मुळाशी नोंदणीचा प्रश्न आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे. गावात घरी झालेल्या मृत्यूची नोंद होते, पण त्याचे वैद्यकीय कारण पुष्कळदा डॉक्टरांनी लिहिलेले नसते. ‘हृदय बंद पडून’ हे कारण नव्हे, कारण हृदय शेवटी सर्वांचेच बंद पडते. त्यामागे मधुमेह होता की रक्तदाब, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव होता की विषबाधा, हे लिहिले गेले तरच उपयोग. म्हणून नमुना नोंदणी पद्धतीत घरच्यांशी बोलून शेवटच्या दिवसांतील लक्षणांवरून कारण ठरविले जाते. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर दवाखान्यांनी मृत्यूचे कारण निबंधकाला कळविणे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे आवश्यक झाले आहे. कुटुंबीयांनी ही प्रत मागून घ्यावी. पुढच्या पिढीला कोणत्या आजारापासून जपायचे, हे त्यातून कळते.

उपाय हाताशी आहेत

२०२२ च्या नवरात्रात राज्य शासनाने ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ ही अठरा वर्षांवरील स्त्रियांच्या तपासणीची मोहीम सुरू केली. २०२३ मध्ये अठरा वर्षांवरील पुरुषांसाठी ‘निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे’ ही मोहीम आली. दोघांसाठी वेगळा विचार करण्याची ही दिशा योग्यच म्हणावी लागेल. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. मात्र मोहिमा संपतात, सवयी राहतात. पुढील गोष्टी प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात.

- मुलीचे लग्न अठरा वर्षांआधी ठरत असल्यास १०९८ या क्रमांकावर कळविता येते. कळविणाऱ्याचे नाव गुप्त राहते.
- किशोरवयीन मुली व गर्भवतींचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत, चहामुळे लोह अंगी लागत नाही.
- पांढरे जाणे, संभोगानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जाणे, स्तनात गाठ ही लक्षणे लपवू नयेत. तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी करावी.
- गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाल्यास शासकीय रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांचे दुसरे मत घ्यावे.
- पुरुषांनी तिशीनंतर दरवर्षी रक्तदाब व साखर तपासावी. तोंडात न भरणारी जखम, पांढरा चट्टा किंवा तोंड कमी उघडणे याकडे दुर्लक्ष करू नये.
- दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकीची तपासणी करावी. ती विनामूल्य होते.
- सर्पदंश झाल्यास जखम चिरणे, आवळून बांधणे किंवा मांत्रिकाकडे नेणे टाळावे. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने थेट रुग्णालय गाठावे.
- फवारणीची औषधे घरात न ठेवता कुलपात ठेवावीत. मन खचल्यास १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते.

यातील एकही गोष्ट अवघड नाही. अवघड आहे ते बोलणे. स्त्रीने आपले दुखणे सांगणे आणि घरच्यांनी ते ऐकणे, पुरुषाने आपली काळजी सांगणे आणि त्याला कोणी दुबळा न म्हणणे, एवढे घडले तरी अनेक मृत्यू पुढे ढकलता येतील. मातामृत्यू कमी झाले ते बाळंतपण घराच्या अंधाऱ्या खोलीतून दवाखान्यात आल्यामुळे. बाकीची दुखणीही अशीच उजेडात यायला हवीत.